खिडकीची कडी

आमच्या वरवंडला वैशाखात तलावावरून येणारा वारा कुणाचं ऐकत नाही. अशातच मागच्या खिडकीची कडी तुटून पडली. यांची कुरकुंभच्या कारखान्यात रात्रपाळी. घरात मी, सासूबाई नि दोन मुलं. सुतळीने बांधलेल्या खिडकीकडे बघत झोप कशी लागायची? सुतार आठ दिवस ‘उद्या येतो’च म्हणत होता. म्हटलं, आपणच करू या!

शाळा सुटल्यावर जुनी कडी पिशवीत टाकून चौफुल्याला गेले. नमुना सोबत हवाच, नाहीतर नव्या कडीची भोकं जुन्या भोकांवर बसत नाहीत. कडी पितळी घेतली तर स्क्रूही पितळीच घ्यावेत, लोखंडी गंजतात. पण पितळ मऊ, जोर केला की मुंडी तुटते. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करायची, मग साबण लावून पितळी बसवायचा. लाकडातलं भोक सैल झालं असेल तर उदबत्तीच्या उरलेल्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकाव्यात. त्या वाळेपर्यंत आणखी एक रात्र सुतळीवर काढली.

“पेचकस बायकांच्या हातात!” म्हणत सासूबाईंनी बॅटरी मात्र धरली. कडी खटकन बसली तशा म्हणाल्या, “न्हाणीच्या दाराचीही बघ गं, तीही हलतेय.”