येण्याचं कारण

जळगाव स्टेशनबाहेर टांगे उभे असत. गाडीतून उतरणाऱ्याचं सामान पाहून टांगेवाला मुक्काम ठरवी. ट्रंक आणि होल्डॉल असला तर नवीपेठेतला लॉज, गाठोडं असलं तर धर्मशाळा. टांगे गेले, होल्डॉलही गेले. रिक्षावाला आता पत्ता विचारत नाही, गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधला नकाशा बघतो.

लॉजच्या गल्ल्यावर लांबलचक नोंदवही असे. सराईंच्या नोंदणीचा कायदा १८६७ चा. वहीत रकाने पाडलेले: नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, येण्याचं कारण, सही. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असे: कापूस. कोर्ट तारीख. दवाखाना. मुलगी पाहणे. बस्ता. अजिंठा. सही येत नसेल त्याचा अंगठा. अंगठा पुसायला शेजारी एक चिंधी. आता आधार कार्डाचा फोटो काढून घेतात. कारणापुढे ‘खासगी’ लिहितात.

दिवाळीनंतर खाट मिळत नसे. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. हंगामात खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत. नंबर लागेपर्यंत शेतकरी गाडीखाली झोपे. लॉजवर ग्रेडर, दलाल, जिनिंगचे मिस्त्री. चुकारा हातात पडला की शेतकरीही एका रात्रीची खाट घेई. गरम पाण्याने अंघोळ करी, दाढी करी, मग सराफ बाजारात जाई. ती योजना राहिली नाही. खेडा खरेदीवाल्याची गाडी आता दारातूनच कापूस उचलते.

मोरीशेजारी तांब्याचा बंब होता. पहाटे चारला पेटे. त्याची राख भांडी घासायला जाई. गीझर आले. बंब मोडीत गेला.

धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ल्यांना नंबर आहेत. लॉजचा पत्ता तेवढाच असे: आग्रा रोड, गल्ली नंबर अमुक. अक्कलकुवा, तळोदा, धडगावकडचा माणूस जिल्ह्याच्या कामाला इथे येई. पहिली एस.टी. पकडली तरी कचेरी गाठेपर्यंत दुपार होई. मुक्काम ठरलेला. लॉजवाला अर्ज लिहून देई, स्टॅम्प पेपर कुठे मिळेल ते सांगे, कोणता साहेब रजेवर आहे याची खबर ठेवी. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. धडगावच्या माणसाचा दिवस वाचला, पैसे वाचले. हे चांगलंच झालं. लॉजच्या खालच्या खोलीतल्या खाटा भिंतीला उभ्या केल्या, त्या पुन्हा अंथरल्या नाहीत.

लग्नसराईत खेड्यावरून पंधरा-वीस माणसं बस्त्याला येत. आधी कापड, मग भांडी, शेवटी सोनं. सोन्याचा भाव ठरेपर्यंत गावाकडची शेवटची एस.टी. निघून गेलेली असे. बायका एका खोलीत, पुरुष गच्चीवर. दागिन्यांची डबी रात्रभर लॉजवाल्याच्या तिजोरीत राही. पावती नसे. डबी गुलाबी कागदात गुंडाळलेली, वरून चिंधी बांधलेली. गाठ नवरीच्या आजीने मारलेली असे. पहाटे तिजोरी उघडली की आजी आधी गाठ बघे, मग सोडे, मग एकेक डाग मोजून परत ठेवी. लॉजवाला तोवर दुसरीकडे बघत उभा राही. निघताना तो नवरीच्या हातावर अकरा रुपये ठेवी. महिन्याभराने पोस्टाने पत्रिका येई. तिजोरीची ही सोय दरपत्रकात कुठेही लिहिलेली नव्हती. आता माणसं सकाळी क्रूझरने येतात आणि संध्याकाळी परततात. तिजोरी भंगारवाल्याने किलोवर नेली.

गल्लीतल्या बहुतेक घरांत फोन नव्हते. त्यांच्या पत्रिकेवर लॉजचा नंबर छापलेला असे, पुढे कंसात पी.पी. ट्रंक कॉल आला की लॉजचा पोऱ्या धावत सुटे. कोणाच्या घरी बाळंतपण जवळ आलंय, कोणाचा मुलगा सुरतेला कामाला गेलाय, हे गल्ल्यावर आधी कळे. वाईट बातमी पोऱ्याच्या तोंडी देत नसत. लॉजवाला चपला घालून स्वतः जाई. रात्री-अपरात्री तारही इथेच येई, कारण लॉजचं दार उघडं असे. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. तोपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आला होता.

जळगावहून अजिंठा साठ किलोमीटर. लेणी पाहायला आलेले परदेशी पाहुणे दोन रात्री राहत. पाठीवरचं ओझं हलकं करायला वाचून झालेली पुस्तकं टाकून जात. जिन्याखाली त्यांचं एक फडताळ झालं होतं. फ्रेंच, जर्मन, जपानी. गल्लीत वाचणारं कोणी नव्हतं, तरी फेकत नसत. पुढच्या पाहुण्याला त्यातलं हवं ते मिळे. लॉजला रंग द्यायला काढलं तेव्हा सगळं रद्दीत गेलं.

खानावळीत शेवभाजी बारा महिने. भरीत मात्र थंडीतलं. वांगी बामणोदची, जाळ कपाशीच्या काड्यांचा. भाजलेली वांगी लाकडी भांड्यात ठेचत, सोबत कळण्याची भाकरी. महिन्याच्या डब्याचे पैसे थकले तर शाळामास्तरांचं ताट थांबत नसे. भरीत आता महामार्गावर मिळतं, उन्हाळ्यातही. उधारीची वही गेली. तिच्या मागच्या पानांवर खोडलेली नावं होती, पैसे न देता गेलेल्यांची.

मुंबई-आग्रा वाहतूक धुळ्याच्या बाहेरून गेली. सहा नंबरच्या महामार्गाचा नंबर ५३ झाला. धुळ्याचे मुंबईचे डबे पूर्वी चाळीसगावला अमृतसर एक्स्प्रेसला जोडत. आता धुळे-मुंबई थेट गाडी आहे. पाचोरा-जामनेर ही छप्पन किलोमीटरची छोटी गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. रुंदीकरण निघालं. जामनेरकडचा माणूस रात्रीच्या गाडीसाठी पाचोऱ्याला दुपारीच येऊन बसे, लॉजच्या पायरीवर डबा सोडे, लॉजवाल्याला लोणचं देई. आता तो वेळेवर येतो आणि सरळ फलाटावर जातो.

परीट गुरुवारी चादरी नेई. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईची खूण: लॉजची वेगळी, दवाखान्याची वेगळी. दोन्ही चादरी नदीकाठी एकाच दोरीवर वाळत. पुढे चादरी मशीनमध्ये धुतल्या जाऊ लागल्या. परटाच्या मुलाने पाण्याच्या जारचा धंदा टाकला. पायरीवरचा रांजण त्यानंतर काढला. येणारा-जाणारा त्यातलं पाणी पिई. गिऱ्हाईक असायची अट नव्हती.

लॉजवाल्यांची मुलं पुण्याला गेली. जागेच्या भावापुढे खोल्यांचं भाडं परवडेना. तळमजल्यावर मोबाइलची दुकानं निघाली. वरच्या मजल्यावर अभ्यासिका झाली, मधल्या भिंती पाडून. पोलीस भरती आणि तलाठ्याच्या परीक्षेची मुलं तिथे बसतात. बहुतेक खेड्यावरची. महिन्याची फी आगाऊ घेतात. रात्री राहायची परवानगी नाही.