परवलीचा शब्द

पूर्वी गडाच्या दरवाज्यावरील पहारेकरी रात्री येणाऱ्या माणसाला परवलीचा शब्द विचारीत असे. शब्द जुळला तरच दरवाजा उघडावयाचा, असा दंडक होता. आज तसाच पहारा संगणकाच्या दाराशी बसला आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या शाळेचा लिपिक दिवाळीच्या सुट्टीनंतर संगणकापुढे बसतो आणि स्वतःच योजलेला शब्द त्याला काही केल्या आठवत नाही. मुलांचे दाखले, निकालपत्रके सारे आत, आणि लिपिक बाहेर! दाराशी एखादा विद्यार्थी दाखल्यासाठी तिष्ठत असतो; त्याच्या वसतिगृहाच्या अर्जाची मुदत त्याच सायंकाळी संपावयाची असते. अशा वेळी वाटते, की संगणकाने तो शब्द हळूच सांगून टाकावा. पण तो सांगणार कोठून? तो त्यालाही ठाऊक नसतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत अनेकांनी एकच संगणक वापरण्याची पद्धत १९६१ साली प्रथम दाखविण्यात आली. प्रत्येकाचे काम खाजगी राहावे म्हणून तेथे परवलीचे शब्द आले. ते एका यादीत जसेच्या तसे ठेवलेले असत. पुढे एके दिवशी चुकीने ती सबंध यादीच, जो येईल त्याच्यापुढे छापली जाऊ लागली! म्हणून आता संगणक मूळ शब्द जपून ठेवीतच नाही. जात्यात घातलेल्या ज्वारीचे पीठ होते. पिठातून पुन्हा दाणे घडविता येत नाहीत. संगणक शब्दाचे असे पीठच तेवढे जपतो. कोणी शब्द लिहिला, की तो दळून पाहावयाचा आणि दोन्ही पिठे ताडावयाची.

त्यामुळे हरवलेला शब्द सापडत नाही. नवा योजावा लागतो. त्यासाठी आधी आपण आपणच आहोत, हे पटवावे लागते. कधी संगणकाची व्यवस्था पाहणारा अधिकारी नवा शब्द देतो, तर कधी नोंदविलेल्या फोनवर काही आकडे येतात. मात्र सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर फोनला संपर्कच मिळाला नाही, तर ते आकडे वाटेतच राहतात.

मग बोटांचा ठसाच ओळख म्हणून का घेऊ नये? तो विसरण्याचे भय नाही. याच जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्यासाठी दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा घेतात. परंतु शब्द चोरीस गेला तर बदलता येतो; बोटे कशी बदलणार? शिवाय आयुष्यभर विळा आणि कुदळ धरलेल्या हातांवरील रेषा झिजतात. गावात ज्या म्हातारीला लहानथोर ओळखतात, तिचेच बोट यंत्र नाकारते. मग ती पदराला हात पुसून दुसरे बोट ठेवते, तिसरे ठेवते, आणि मागची रांग थांबून राहते.