पप्पांची पहिली करवत

माझे पप्पा येत्या ऑक्टोबरमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होत आहेत. नोकरीला 24 वर्षे पूर्ण होतील. आमच्या गावातले बहुतेक निवृत्त फौजी सिक्युरिटीची नोकरी धरतात किंवा शेतीत लक्ष घालतात. पप्पांनी मात्र गेल्या सुट्टीत जाहीर केले, "मी सुतारकाम शिकणार." आजोबांचा रंधा, पटाशी आणि हातकरवत साताऱ्याजवळच्या आमच्या घरी माळ्यावर अजून आहेत. पण पप्पांचा खांदा जुना दुखावलेला आहे. हातकरवतीने तासन्‌तास कापणे त्यांना जमणार नाही. म्हणून विजेवर चालणारी एक करवत घ्यायचे ठरले, आणि कोणती ते मी सांगायचे ठरले, कारण घरात वुडवर्क क्लबमध्ये जाणारा मी एकटाच.

आजवर काय करायचे ते पप्पा मला सांगत आले. बूट कसे चमकवायचे, थंडीत कसे धावायचे, चिठ्ठी कशी लिहायची. त्यांनी माझे मत मागितले असा हा पहिलाच प्रसंग होता. शिवाय उत्तर चुकले तर नुकसान नुसत्या पैशांचे नव्हते. इतकी वर्षे सीमेवर राहून जे हात धडधाकट घरी येत आहेत, ते घरच्या अंगणात जखमी होता कामा नयेत.

घरी तीन मते होती. पप्पांनी व्हिडिओ पाहून टेबल सॉ मनात धरला होता. तालुक्याच्या दुकानदाराने सांगितले, "मार्बल कटर न्या, लाकडाचं पातं लावा, सगळे तेच वापरतात." आई म्हणाली, "दहाच्या दहा बोटं राहतील असं काहीतरी घ्या."

मी आमच्या वर्कशॉपच्या उस्तादांना विचारले. त्यांनी मशीनचे नावच घेतले नाही. "काय काय कापायचं आहे त्याची यादी आण," म्हणाले. पप्पांनी स्टोअरचा इंडेंट भरावा तशी यादी पाठवली: पुस्तकांचे शेल्फ, कोंबड्यांचे खुराडे, दोन पाट, देव्हाऱ्याची कमान आणि गोठ्याचे फाटक. ही यादी समोर ठेवल्यावर अर्धे उत्तर आपोआप मिळाले.

टेबल सॉ सरळ काप उत्तम देतो. पण त्याला जागा लागते, पैसे जास्त लागतात, आणि लाकूड पात्याच्या मागच्या बाजूला अडकले तर ते उलटे चालवणाऱ्याच्या अंगावर फेकले जाते. याला किकबॅक म्हणतात. आमच्याकडे टेबल सॉ फक्त उस्ताद चालवतात, कॅडेट्सना हात लावायची परवानगी नाही. एकट्याने शिकणाऱ्या माणसासाठी ही सुरुवात नव्हे.

मार्बल कटर स्वस्त आहे आणि अनेक सुतार तो खरोखर वापरतात. पण तो दगड आणि फरशी कापण्यासाठी बनवलेला आहे. त्याचे पाते मिनिटाला 12 ते 13 हजार फेरे घेते. लाकडासाठीच्या सात इंची सर्क्युलर सॉचे फेरे साधारण 5 हजारांच्या आसपास असतात. सर्क्युलर सॉच्या पात्याखाली स्प्रिंगचे झाकण असते, काप संपताच ते आपोआप मिटते. मार्बल कटरला तसे झाकण नसते. काप संपल्यावरही फिरते दात उघडेच राहतात. त्यामुळे दुकानदाराचा सल्ला मी सर्वांत आधी बाद केला.

उरले सर्क्युलर सॉ आणि जिगसॉ. इथे यादी कामाला आली. कमान गोलाकार आहे आणि सर्क्युलर सॉ वळणावर चालत नाही. जिगसॉचे अरुंद पाते वरखाली हलते, त्यामुळे ते वळते. पाट, खुराड्याच्या पट्ट्या, 19 मिलीमीटरचा प्लाय, हे सगळे तो कापतो. फाटकाचे जाड लाकूड वखारीतच चिरून घेता येते.

आईला जिगसॉ फोनवर समजावताना मी शिलाई मशीनचे उदाहरण दिले. नंतर वाचनात आले की तो निघालाही तिथूनच. 1946 साली स्वित्झर्लंडमध्ये अल्बर्ट काउफमान यांनी शिलाई मशीनच्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवले होते. हे ऐकल्यापासून आई ठामपणे जिगसॉच्या बाजूने आहे.

पप्पांना तो फारच लहान वाटला. मी विचारले, "पप्पा, गस्तीवर जाताना तुम्ही तोफ न्यायचात का?" ते हसले आणि म्हणाले, "बरं, पुढे सांग."

जिगसॉच्या उणिवाही मी सांगितल्या. पाते फक्त वरच्या टोकाला पकडलेले असते, म्हणून जाड लाकडात ते वाकते आणि काप तिरका जातो. सरळ कापण्यासाठी फळीवर एक सरळ पट्टी क्लॅम्पने घट्ट बसवून तिच्या कडेने मशीन चालवावे लागते. नेहमीची पाती वर जाताना कापतात, त्यामुळे वरच्या बाजूला ढलप्या निघतात. प्लायची चांगली बाजू खाली ठेवायची. घाई करून मशीन ढकलायचे नाही, पात्याला त्याच्या वेगाने जाऊ द्यायचे. मशीन 'टी' आकाराच्या मुठीची पाती घेणारे असावे, ती सहज मिळतात.

आणि जिगसॉ लहान असला तरी बोट कापू शकतो. म्हणून काही अटी घातल्या. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. सैल बाह्या नकोत, गळ्यात गमछा नको. लाकूड हाताने नाही, क्लॅम्पने धरायचे. कापताना दुसरा हात फळीच्या खाली न्यायचा नाही. पाते बदलण्याआधी प्लग काढायचा. पप्पांनी प्रत्येक अटीला "येस सर" म्हटले. मला फार संकोच वाटला, पण त्यांनी चेष्टेत म्हटले नव्हते. रायफल साफ करताना आधी ती रिकामी आहे का ते पाहायचे, हे चोवीस वर्षे पाळलेल्या माणसाला प्लगचा नियम पटवावा लागत नाही.

माझ्या मित्रांच्या घरीही कोणी हे काम सुरू करणार असेल, तर दुकानात जाण्याआधी यादी करा. ताकद, किंमत, कंपनी हे नंतर. आधी काय कापायचे आहे ते लिहा, आणि शिकताना हात चुकला तर काय होईल तेही.

मागच्या रविवारी यादी परत आली. जिगसॉ मंजूर झाला आहे, चष्मा आणि दोन क्लॅम्पसुद्धा. खाली पप्पांनी सहावी ओळ वाढवली आहे: माझ्यासाठी अभ्यासाचे टेबल. त्याची फळी मोठी आणि कडा अगदी सरळ हवी. म्हणजे सर्क्युलर सॉचा विषय दिवाळीच्या सुट्टीत निघणारच.