साडेअठ्ठ्याण्णव

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. लोक तिला 'चिंचोळी एमआयडीसी' म्हणतात. परीक्षा आटोपतांच नववीच्या मुलांना घेऊन आम्ही तेथील एक कारखाना पाहावयास गेलों. बाहेर ४० अंशांचें ऊन रणरणत होतें. सर्व यंत्रें पाहून झाल्यावर आम्हांस मोजमापाच्या खोलींत नेण्यांत आलें, आणि दार उघडतांच अंगावर शहारा आला. ही साहेबांची बसावयाची जागा असावी, असें मुलांस वाटलें. भिंतीवरील तापमापक बरोबर २० अंश दाखवीत होता.

त्या खोलीचा तरुण अधिकारी आमचाच जुना विद्यार्थी निघाला. इतक्यांत एक कामगार लेथवरून नुकताच उतरलेला शाफ्ट घेऊन आला. "तिकडे ठेव, निवूं दे, उद्यां मोजूं," असें त्यानें सांगितलें. मुलांनीं कारण विचारलें. तो म्हणाला, "पोलाद ऊन झालें कीं वाढतें. एक मीटर लांबीची कांब एका अंशाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे साडेअकरा भाग वाढते. बाहेरच्या उन्हांत ती येथल्यापेक्षां जवळ जवळ पाव मिलिमीटर लांब भरेल. मग खरी लांबी कोणती म्हणावयाची?"

हा प्रश्न एकट्या चिंचोळीचा नव्हे. पूर्वी फ्रान्सांत बर्फ वितळण्याच्या म्हणजे ० अंशावर माप धरीत, तर इंग्लंडांत ६२ अंश फॅरनहाइटवर. एकाच मापाचे दोन तुकडे दोन देशांत करावे आणि ते एकमेकांत बसूं नयेत, अशी ती तऱ्हा. अखेर १९३१ सालीं वजनें व मापें यांच्या आंतरराष्ट्रीय समितीनें २० अंश सेल्सिअस हें लांबीच्या मापासाठीं ठरविलें. सोलापुरांत सुताचा व्यवहार करणाऱ्यांस हें नवें वाटणार नाहीं. कापसाचें सूत हवेंतील ओल शोषून जड होतें. म्हणून १०० किलो पूर्ण वाळलेल्या सुताचें वजन व्यापारांत १०८.५ किलो धरतात, आणि आपल्या देशांत कापडाची परीक्षा २७ अंश उष्णता व शेंकडा ६५ आर्द्रता यांत करतात.

वायूंची गोष्ट याहून नाजूक, कारण त्यांना उष्णतेबरोबर दाबही सांगावा लागतो. एका मोलाचें आकारमान कांहीं पुस्तकांत २२.४ लिटर, तर कांहींत २२.७ असतें. यांत छापखान्याचा दोष नाहीं. उष्णता दोहींकडे ० अंशच आहे. पण पहिल्यांत दाब पाऱ्याचा ७६० मिलिमीटर धरला आहे, तर दुसऱ्यांत १९८२ सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघानें सुचविलेला किंचित् कमी दाब, १ बार. दाब कमी, म्हणून आकारमान अधिक.

दाबाचा विषय निघतांच आम्हांस एकदम पंधरा वर्षांपूर्वींचा तास आठवला. पाणी किती अंशांवर उकळतें हें पाहावयाचें होतें. सर्व मुलांनीं १०० लिहिलें. या एकानें ९८॥ लिहिलें. "डोळे तपासून घे," असें आम्ही सर्वांदेखत म्हणालों, आणि वर्ग हंसला. १०० अंश हा आंकडा ७६० मिलिमीटर दाबाचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच आहे. येथें दाब ७२० च्या आसपास असतो, आणि त्या दाबाला पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतें. आमचा तापमापक कांहीं धुतल्या तांदळासारखा नव्हता, हें खरें. तरी मुलानें जें दिसलें तेंच लिहिलें होतें. बाकीच्यांनीं पुस्तक पाहून लिहिलें, आणि गुण त्यांस मिळाले.

निघतांना त्याला बाजूस घेऊन आम्ही म्हणालों, "त्या दिवशीं तुझेंच उत्तर बरोबर होतें रे. चूक आमची."

तो ओशाळला. "सर, आपल्याला अजून आठवतें?" मग जरा थांबून म्हणाला, "पण सर, पक्क्या वहींत मीं तें खोडून १०० केलें होतें. आपण त्यावर 'छान' असा शेरा दिला होता. वही अजून घरीं आहे."

बाहेर मुलें गाडींत बसलीं होतीं. आम्ही त्याला ती वही एकदां घेऊन येण्यास सांगितलें.