मोठा एम, छोटा एम

दिवाळीत तिरोड्याला गेलो की मामाच्या राईस मिलवर एक चक्कर ठरलेली. धानाची आवक सुरू असते, कट्टे मोजणं चालू असतं, आणि "आला का इंजिनिअर" म्हणून मला खुर्ची मिळते. त्या खुर्चीच्या बदल्यात दोन वर्षांपूर्वी मी एक्सेलमध्ये एक मॅक्रो लिहून दिला होता. शेतकऱ्याचं नाव-गाव टाकलं की त्याचे कट्टे आणि बाकी रक्कम समोर.

यंदा मुंडीकोट्याचे एक आजोबा हिशेबाला आले. चिठ्ठ्यांप्रमाणे कट्टे ४०, कॉम्प्युटर म्हणे २५. मामा दहा लोकांसमोर बोलून गेला, "बाबाजी, मशीन का खोटं बोलते?" आजोबा काहीच बोलले नाहीत. चिठ्ठ्या घडी घालून परत खिशात ठेवल्या.

मी कोड उघडला. २५ कट्ट्यांच्या नोंदीत मुंडीकोटा मोठ्या एमने, उरलेल्या १५ च्या नोंदीत छोट्या एमने. (देवनागरीत हा फरक लिहूनही दाखवता येत नाही बघा!) पण हे तर मी आधीच धरून चाललो होतो... मूळ मॉड्यूलच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'ऑप्शन कम्पेअर टेक्स्ट'. म्हणजे तुलना करताना लहान-मोठं अक्षर एकच समजायचं. यंदा नवीन फाईल करताना मी फक्त फंक्शन कॉपी केलं आणि ती ओळ मागे राहिली. व्हीबीएने चकार शब्द काढला नाही. का काढेल? त्या ओळीशिवायही कोड चालतोच, फक्त अर्थ बदलतो.

१९५७ च्या फोरट्रानला हा प्रश्नच नव्हता, पंचकार्डावर सगळी अक्षरं कॅपिटल. १९७० च्या दशकात सी आली आणि लहान-मोठं वेगळं झालं. व्हीबीए मात्र व्हेरिएबलच्या नावांत हा भेद मानत नाही. एक्सेलच्या सेलमधलं 'बरोबर'चं चिन्हही मानत नाही. मॅक्रोमधलं तेच चिन्ह मानतं! तेही फाईलच्या डोक्यावर काय लिहिलंय त्यावर.

माझी तक्रार तिथेच आहे. 'ऑप्शन एक्सप्लिसिट'ही डोक्यावरच लिहितात, पण ते फक्त न सांगितलेलं व्हेरिएबल अडवतं. ते विसरलात तर पहारा जातो, चालणाऱ्या ओळीचा अर्थ तोच राहतो. कम्पेअरवाली ओळ दोनशे ओळी खाली बसलेल्या साध्या 'बरोबर'चा अर्थच फिरवते, आणि तिथे वाचणाऱ्याला पत्ताही नसतो. आता मी स्ट्रकॉम्प वापरतो आणि तुलना कशी करायची ते तिथल्या तिथे सांगतो. लांबलचक दिसतं. दिसू दे.

संध्याकाळी मामा आणि मी मुंडीकोट्याला जाऊन १५ कट्ट्यांचे पैसे देऊन आलो. चूक माझी होती हे मी सांगितलं; आजोबांनी चहा पाजला. परतताना मामा म्हणाला, "मंग मराठीतच टाकू ना बाप्पा नावं. आपल्यात कुठं राहते लहान म आन् मोठा म?"

मुनीमजी मुंडीकोट्याचा 'मु' कधी ऱ्हस्व लिहितात, कधी दीर्घ. हे मी मामाला अजून सांगितलेलं नाही.