घोडा का अडला?

भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला?

लहानपणी दिग्रसला लाइट गेली की आजी हे कोडं घालायची. तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच, ‘न फिरवल्यामुळे!’ आम्ही पोरं एका सुरात ओरडायचो आणि लाइट आली की विसरून जायचो. हे कोडं एक दिवस आपल्या अंगावर येईल, तेही अगदी शब्दशः, असं तेव्हा थोडंच वाटलं होतं?

झालं असं, की पुण्यात जिमचा कंटाळा आला म्हणून मी वीकएण्डला घोडेस्वारी शिकायला लागले. वॉक, ट्रॉट, कँटर... दीड वर्षात मांड बऱ्यापैकी पक्की झाली. पुढची पायरी जंपिंग. आणि माझ्या वाट्याला आला बादल. रेसमधून रिटायर झालेला थरोब्रेड. असे घोडे रायडिंग स्कूल्समध्ये बरेच असतात. दिसायला एकदम हीरो, पण डोक्यात एकच प्रोग्रॅम, पळा! लगाम ताणला की आपण थांबतो असं आपल्याला वाटतं. बादलला वाटायचं, आता जोर लावायचा. आणि समोर आडवा बांबू आला की साहेबांचा मूड एकदम फिरायचा.

पावसाळ्यातला रविवार. अडथळा साठ सेंटिमीटरचा, म्हणजे तुमच्या-आमच्या ऑफिसच्या टेबलापेक्षाही बुटका. तीन ढांगा उरल्या असताना मी खाली बांबूकडे पाहिलं आणि घाबरून लगाम खेचला. बादल थांबला. मी नाही थांबले!

मनगटाला प्लास्टर. सहा आठवड्यांनी ते निघालं, पण आतलं काहीतरी निघेना. बादलवर बसले की पोटात गोळा यायचा. बांबू दिसला की हात आपोआप आवळले जायचे. मग मी जाणंच बंद केलं. मित्रमैत्रिणींना सांगितलं, ‘अगं, टाइमच नाही मिळत!’ तुम्हीही कशाबद्दल तरी हे वाक्य वापरत असालच. टाइम असतो हो. हिंमत नसते.

सुट्टीवरची घोडी

दिवाळीला घरी निघाले. रात्रीची ट्रॅव्हल्स, अंगावर शाल, आणि उजाडलं तेव्हा खिडकीबाहेर यवतमाळ जिल्ह्याची काळी माती. दिग्रस हे धावंडा नदीच्या काठचं तालुक्याचं गाव. ‘कुठे आलं हे?’ असं पुण्यात दर वेळी समजावून सांगावं लागतं. दिवाळीच्या सुमारास ते सगळ्यात छान दिसतं. सोयाबीन निघून शेतं मोकळी झालेली असतात, कापसाची बोंडं फुटलेली असतात आणि गावाबाहेर अरुणावती धरणाचं पाणी आरशासारखं पसरलेलं असतं. सकाळी आलुबोंडा, संध्याकाळी धरणावर चक्कर. माझा प्लॅन एवढाच होता.

धरणाच्या वाटेवर एका मोकळ्या शेतात ती दिसली. पांढरीशुभ्र घोडी, आयाळीत अजून लाल गोंडा. तिच्याशेजारी खरारा करत बसलेले काका. आमच्या गल्लीतल्या निम्म्या नवरदेवांची वरात त्यांच्याच घोड्यांवरून निघालेली. तुळशीचं लग्न होईपर्यंत लग्नं नाहीत, म्हणून राणीबाई सुट्टीवर.

काकांनी माझं मनगट पाहिलं. “पडली का?”

मी सगळी स्टोरी सांगितली. बादल कसा अवघड, कसा हट्टी, कसा अडेलतट्टू. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “थांबला तवा तुहे डोळे कुठी होते?”

खाली. बांबूवर.

“मंग त्यानं काय करावं?”

बल्लीचा धडा

जंपिंग हा शब्दही काकांनी कधी ऐकला नसेल. पण बुजणाऱ्या जनावराबद्दल त्यांना जे ठाऊक होतं, ते मला दीड वर्षात कळलं नव्हतं. विचार करा, वरातीच्या घोडीला काय काय सहन करावं लागतं! बँड, ताशा, डोळ्यांवर येणारे हॅलोजन, पायाखाली फटाके, अवतीभवती नागीण डान्स करणारी मंडळी. राणी हे कशी शिकली? “लांबून,” काका म्हणाले. सुरुवातीला ताशा वाजत असायचा तिथून खूप दूर ते तिला उभी करायचे आणि हरभरे चारायचे. ती कान सैल सोडून खायला लागली की दुसऱ्या दिवशी थोडं जवळ. कान ताठ झाले की दोन पावलं मागे. घाई नाही. मार तर नाहीच नाही.

त्यांनी शेतात एक बल्ली टाकली. जमिनीवर, नुसती आडवी. राणीनं ती पाहिली आणि फुरफुरत थांबली. मला वाटलं, आता टाच मारायची. काकांनी तिला वळवलं आणि एक गोल फेरी मारली. दुसरी फेरी जरा जवळून, तिसरी आणखी जवळून. चौथ्या वेळी राणीनं मान खाली घालून बल्ली हुंगली आणि अगदी बोअर झाल्यासारखी ती ओलांडून गेली.

न फिरवल्यामुळे! आजीचं उत्तर डोक्यात टणकन वाजलं. घोडा रोज फिरवावा लागतो हे तर झालंच. पण ज्याची भीती वाटते त्याच्याभोवतीही फिरवावा लागतो.

मग काकांनी मला वर बसवलं. पहिल्या फेरीला माझे हात आवळले आणि राणी थबकली. जी घोडी आत्ता बिनधास्त गेली होती, तीच! “घोडी नाही भेऊन राहिली बाई, तू भेऊन राहिली. तिले समजते थे,” काका म्हणाले. “त्या बाभळीकडं पाय. आन् आयाळ धर.” बाभळीकडे पाहत, आयाळ धरून, मी जमिनीवर पडलेली एक काठी ओलांडली. चालत! हसू नका. चार महिन्यांत पहिल्यांदा पोटातला गोळा नव्हता.

डोळ्यांचा खेळ

पुण्याला परत आल्यावर मी थोडा अभ्यास केला, आणि काकांचं म्हणणं पानोपानी सापडलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. म्हणजे उडी मारण्याच्या शेवटच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेआड गेलेला असतो. लांबून जे पाहिलं त्याच्या आणि पाठीवरच्या माणसाच्या भरवशावर तो उडतो. नेमक्या त्याच वेळी आपण लगाम खेचून त्याची मान अडवली, तर? मीही थांबलेच असते.

रंगांचंही तसंच. घोड्याला लाल-केशरी आपल्यासारखे उठून दिसत नाहीत. त्यामुळेच ब्रिटनमध्ये रेसच्या अडथळ्यांवरचा पारंपरिक केशरी रंग बदलून 2022 पासून पांढरा आणायला सुरुवात झाली. घोडा ‘नाटकं’ करतो असं आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा त्याला नीट दिसलेलंच नसतं.

आणि अवघड घोड्यांचं म्हणाल, तर चिलीचा ह्युआसो घ्या. रेसमध्ये चमकला नाही, स्वभावानं तापट. 5 फेब्रुवारी 1949 रोजी कॅप्टन आल्बेर्तो लाराग्विबेल यांना पाठीवर घेऊन त्यानं 2.47 मीटर उंच उडी मारली. तो विश्वविक्रम आजवर कुणी मोडलेला नाही. दरवाज्याची चौकटही त्याहून बुटकी असते!

पुन्हा बादल

मी ट्रेनरना सांगितलं, ‘मला पहिलीपासून सुरू करायचंय.’ आधी बादलची पाठ, दात आणि खोगीर तपासलं, कारण कधी कधी हट्टाचं कारण साधं दुखणं असतं. मग जमिनीवर तीन बांबू, साधारण साडेचार-साडेचार फुटांवर. ट्रॉटमध्ये ते ओलांडायचे. बादल धावायला लागला की लगाम ताणायचा नाही, गोल फेरी घ्यायची. तो शांत झाला की पुन्हा समोर. काही रविवार नुसतं हेच. मग दोन बांबूंची फुलीसारखी छोटी उडी, मध्ये जेमतेम फूटभर. आयाळ धरायची, म्हणजे हात घोड्याच्या तोंडाला हिसका देत नाहीत. नजर पलीकडच्या झाडावर. पुण्यात बाभूळ नव्हती, गुलमोहर चालवून घेतला.

काही रविवारी आम्ही मागे गेलो. एकदा तर परत जमिनीवरच्या बांबूपर्यंत. पण आता मला त्याची लाज वाटत नव्हती. दोन पावलं मागे, हाही सिलॅबसचाच भाग आहे!

फेब्रुवारीत एका सकाळी पुन्हा तोच साठ सेंटिमीटर समोर आला. गुलमोहराकडे पाहिलं. तीन ढांगा, दोन, एक... आणि पोटात गोळ्याऐवजी एक हलकीशी पोकळी. आम्ही पलीकडे होतो. दोघंही!

त्याच दुपारी काकांना फोन लावला. “काका, साठ सेंटिमीटर!”

“म्हंजे किती?”

“टोंगळ्याच्या थोडं वर.” टोंगळा म्हणजे आमच्याकडे गुडघा.

“बरं. थांबला नाही नं?”

“नाही.”

“मंग पाणी पाज त्याले. आन् उद्या फिरवजो.”

दिग्रसला जायचंय?

यवतमाळहून दारव्हामार्गे एसटी आहे, पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स. पावसाळा संपल्यापासून थंडीपर्यंत अरुणावतीचा परिसर मस्त असतो. बंजारा समाजाचं श्रद्धास्थान पोहरादेवी शेजारच्या वाशिम जिल्ह्यात, फार लांब नाही. वरातीची घोडी दिसली तर फोटो जरूर काढा, पण फ्लॅश बंद ठेवून आणि मालकाला विचारून. वेळ असेल तर बांधावर बसा थोडा वेळ त्यांच्यासोबत. क्लासची फी वाचेल!