गुंड्याचे पन्नास पॉइंट

गुंड्याने कुऱ्हाड खाली ठेवली तेव्हा सगळ्यात आधी लायरा ओरडली. "अरे मार ना त्याला! पन्नास एक्सपी आहेत!"

गुंड्या हा आमचा ड्वॉर्फ लढवय्या, लायरा चोर. खऱ्या आयुष्यात दोघंही पुण्यात नोकरी करतात आणि शनिवारी रात्री माझ्या फ्लॅटवर डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला येतात. सोबत केलन आणि ओरिन. टेबलावर आम्ही एकमेकांना पात्रांच्या नावानेच हाक मारतो, म्हणून इथेही तीच नावं. मी डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. जग माझं, राक्षस माझे, आणि पॉइंटांची वहीसुद्धा माझीच.

तर गुहेत शेवटचा गॉब्लिन उरला होता. हातातलं हत्यार टाकून कोपऱ्यात थरथरत बसलेला. गुंड्याच्या कागदावर त्याच्या भूतकाळाची एकच ओळ होती: खाण कोसळली तेव्हा भावाला आत सोडून एकटा बाहेर आला. त्याने हातातला फासा टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, "जा."

गॉब्लिन पळाला. मी वहीत चारऐवजी तीन गॉब्लिनांचे पॉइंट लिहिले. शत्रूला पळवून लावलं तरी तो हरवल्यातच जमा, असं पुस्तकात आहे. पण ते मी बऱ्याच उशिरा वाचलं.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी: एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण. ठरावीक गुण झाले की पात्राची लेव्हल वाढते, ते जास्त ताकदवान होतं. २०१४च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला जायला ३०० एक्सपी लागतात. एका गॉब्लिनचे ५०, तेही सगळ्यांत वाटून. म्हणजे चौघांना मिळून चोवीस गॉब्लिन. पुस्तकात स्वभाव, आदर्श, नाती यांवर पानंच्या पानं आहेत. पण हिशोब मांडला की उत्तर येतं चोवीस गॉब्लिन. मग लायरा ओरडली यात तिचं काय चुकलं?

खेळ ज्याचे पैसे देतो तेच लोक करतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला, आणि सुरुवातीच्या काळात एक सोन्याचं नाणं म्हणजे एक एक्सपी असा हिशोब होता. त्यामुळे झोपलेल्या राक्षसाला न उठवता खजिना पळवणारा खेळाडू शहाणा ठरायचा. पुढे नाण्यांचे पॉइंट गेले, मारामारीचे राहिले, आणि शहाणपणाची व्याख्याही बदलली.

मी ठरवलं, आपल्या टेबलावर पात्राचे पैसे द्यायचे. नियम केला: कुणी भूमिकेत शिरून छान खेळलं की त्याला वेगळे पन्नास.

पहिले दोन शनिवार मजा आली. लायरा कॉलेजात एकांकिका केलेली. तिने सराईवाल्याशी भांडताना असा आवाज लावला की शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. मेलेल्या गुरूच्या आठवणीने ती खरंच रडली. पन्नास, पन्नास, पुन्हा पन्नास. सहा शनिवारांनंतर वही पाहिली. लायरा ४५०, केलन २००, ओरिन १५०, गुंड्या ५०. लायरा एकटी तिसऱ्या लेव्हलला पोचली होती.

सातव्या शनिवारी गुंड्या आला नाही. आठव्यालाही नाही. ऑफिसचं काम असेल म्हणून मी सोडून दिलं. नवव्या शनिवारी दुपारी त्याचा मेसेज आला: "माझी जागा दुसऱ्या कुणाला दे. राग नाही. पण तू वही उघडलीस की शाळेतली तोंडी परीक्षा आठवते."

गुंड्या बोलताना अडखळतो. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नाही. या खेळात तो आला कारण इथे फासा त्याच्या वतीने बोलायचा. आणि मी तिथेही वक्तृत्व स्पर्धा भरवली होती.

ही चूक जुनी आहे. गायगॅक्सच्या १९७९च्या डन्जन मास्टर गाइडमध्ये डीएमने प्रत्येक खेळाडूच्या खेळाला श्रेणी द्यायची सोय होती, थेट उत्कृष्टपासून वाईटपर्यंत. श्रेणी वाईट असेल तर लेव्हल वाढायला प्रशिक्षणाचे जास्त आठवडे. प्रगतिपुस्तकच की! २०१४च्या आवृत्तीत 'इन्स्पिरेशन' आलं: स्वभावाला धरून खेळलात की डीएम ते देतो, मग एखाद्या वेळी दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. कल्पना चांगली, पण देणारा हात पुन्हा डीएमचाच. आणि डीएमला जे ऐकू येतं, तेच त्याला दिसतं.

मला वाट सापडली ती जॉन हार्परच्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये, २०१७चा खेळ. तिथे सत्र संपलं की प्रश्न विचारतात. तुझ्या पात्राच्या श्रद्धा, त्याची ओढ, त्याचं मूळ खेळात उतरलं का? त्याच्या व्यसनाने, जुन्या घावांनी त्याला अडचणीत आणलं का? खूण खेळाडू स्वतःच करतो. तिथे आवाज कसा लावला याला काही किंमत नाही.

मी गुंड्याला फोन केला नाही, मेसेजच केला. माफी मागितली, नवा नियम पाठवला आणि विचारलं, एकदा बघतोस का?

नियम असा. शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न: आज तुझ्या पात्राने असं काही केलं का, जे फक्त तेच करेल, आणि ज्याची त्याला किंमत मोजावी लागली? स्वतः सांगा किंवा दुसऱ्याचं सांगा. प्रत्येक 'हो'चे शंभर, पण सगळे एका डब्यात, चौघांत सारखे वाटून.

'किंमत' हा शब्द मुद्दाम घातला. नाहीतर लोक कागदावर 'दारुडा' लिहितात, दर सराईत एक ग्लास मागवतात आणि पॉइंट मागतात. ग्लास फुकट आहे. पहाऱ्याच्या रात्री प्यायलास तर बोल.

केलनला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, पात्रात शिरणं हीच मजा, मजेचे कसले पैसे? एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण मारण्याचे पैसे खेळ आधीच देतोय. अशा वेळी दया फुकट ठेवणं हाही एक भावच झाला.

डब्यामुळे एक गोष्ट घडली, जी मी ठरवली नव्हती. गुंड्याच्या निर्णयाने आता सगळ्यांचं भलं व्हायला लागलं. मग लायराच त्याच्यासाठी जागा करायला लागली. शेकोटीपाशी ती विचारायची, "गुंड्या, तुझ्या भावाचं नाव काय होतं?" आणि मग गप्प बसायची. तिचं गप्प बसणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला उत्तराला वेळ लागायचा. कुणी मोबाइल उचलायचं नाही.

गेल्या महिन्यात तो गॉब्लिन परत आला. या वेळी टोळी घेऊन, पुलाच्या पलीकडे. गुंड्या पुढे गेला, पुलाच्या मध्यावर थांबला आणि त्याने कुऱ्हाड पाण्यात टाकली. जादूची कुऱ्हाड होती, चार महिन्यांची कमाई. टेबलावर तो एक शब्दही बोलला नाही. फक्त कागदावर 'कुऱ्हाड' खोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी पुढे काय करायचं या विचारात होते. लायराने वही माझ्यासमोर ओढली.

"लिही," ती म्हणाली.